टिळकांचा वकील सायमन आणि 'गो बॅक'वाला सायमन : जॉन सायमनची कारकीर्द

दप्तरदार

१९१९ साली लंडनमध्ये 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकाचा लेखक, इंग्रज पत्रकार चिरोल याच्यावर लावलेल्या बदनामीच्या दाव्यात लोकमान्यांच्या बाजूने उभे राहिलेले सर जॉन सायमन आणि ३ फेब्रुवारी १९२८ रोजी मुंबईत उतरल्यावर ज्यांना काळे झेंडे दाखवले गेले ते सायमन, हे दोघे एकच. शाळेच्या पुस्तकात दुसरा सायमन भेटतो, टिळकचरित्रात पहिला. दोघांची सांगड मात्र क्वचितच घातली जाते.

हा माणूस ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री, दोनदा गृहमंत्री, अर्थमंत्री आणि शेवटी लॉर्ड चॅन्सेलर (तेव्हा न्यायव्यवस्थेचा प्रमुख आणि हाउस ऑफ लॉर्ड्सचा अध्यक्ष) झाला. गृह, परराष्ट्र आणि अर्थ ही तिन्ही खाती सांभाळलेली माणसं विसाव्या शतकात तीनच : सायमन, बटलर आणि कॅलहॅन. तरीही सायमनचं नाव तिकडे आदराने फारसं घेतलं जात नाही.

माझं मत आधीच मांडतो. सायमन अव्वल दर्जाचा वकील होता. दुसऱ्याने हाती दिलेली बाजू तो कोणाहीपेक्षा चांगली मांडायचा. मंत्र्याला मात्र बाजू स्वतः ठरवावी लागते, आणि तिथे तो कमी पडला. जाणकारांनी दोन गोष्टींवर लिहावं. एक, त्या काळी वकिलाचा मंत्री नेमका कसा व्हायचा, पायऱ्या कोणत्या? दोन, माझं हे मत टिकतं का?

कलम_तीन

पायऱ्या सांगतो.

जन्म १८७३, मँचेस्टर. वडील काँग्रिगेशनल पंथाचे धर्मोपदेशक, घरी पैसा बेताचा. शिष्यवृत्तीवर एडिंबरोची फेट्स शाळा, मग ऑक्सफर्डचं वॉडम कॉलेज. १८९६ मध्ये ऑक्सफर्ड युनियनचा अध्यक्ष, पुढच्या वर्षी तिथल्याच ऑल सोल्स कॉलेजचा फेलो. १८९९ मध्ये इनर टेंपलमधून बॅरिस्टर.

बॅरिस्टर व्हायला तेव्हा 'इन'मध्ये (इनर टेंपलसारख्या लंडनच्या वकीलसंस्थेत) नाव घालून ठरावीक सत्रं भरावी लागत. सत्र भरणं म्हणजे तिथल्या भोजनालयात ठरलेल्या संख्येने जेवणं घेणं. जोडीला परीक्षा. मग एखाद्या ज्येष्ठाच्या चेंबरमध्ये उमेदवारी. अशील तेव्हा थेट बॅरिस्टरकडे येत नसे. सॉलिसिटर, म्हणजे अशिलाचं काम पाहणारा वकील, कागद बांधून, फीचा आकडा लिहून ब्रीफ पाठवत असे. त्यामुळे नव्या माणसाचं सगळं भवितव्य सॉलिसिटरांच्या विश्वासावर. सायमनला हा विश्वास लवकर मिळाला, आणि १९०३ च्या अमेरिका-कॅनडा यांच्यातल्या अलास्का सीमा लवादात तो ब्रिटिश बाजूच्या कनिष्ठ वकिलांत होता.

१९०६ मध्ये वॉल्थमस्टोमधून लिबरल खासदार. १९०८ मध्ये किंग्ज कौन्सेल, म्हणजे रेशमी झगा घालणारा ज्येष्ठ बॅरिस्टर. हा झगा मिळाला की फी वाढते, पण काम कमी होण्याचा धोकाही असतो. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे किंग्ज कौन्सेल एकटा उभा राहू शकत नसे. सोबत कनिष्ठ लागे आणि त्याला ज्येष्ठाच्या फीच्या दोन तृतीयांश द्यावे लागत. म्हणजे अशिलाचा खर्च एकदम वाढतो. छोट्या दाव्यांवर जगणारे कित्येक चांगले कनिष्ठ झगा घेतल्यावर रिकामे बसत.

ऑक्टोबर १९१० मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, तो सॉलिसिटर जनरल, म्हणजे सरकारचा दुय्यम कायदेविषयक सल्लागार झाला. १९१३ मध्ये त्याच्या वरचं पद, ॲटर्नी जनरल, तेही मंत्रिमंडळात जागेसह. त्या पदाला अशी जागा आपोआप मिळत नसे.

मुळा_मुठा

उत्तम प्रतिसाद. एक भर घालते. पगारी सरकारी पद स्वीकारलं की खासदारकी रिकामी व्हायची आणि त्याच मतदारसंघातून पुन्हा निवडून यावं लागायचं. सायमनलाही १९१० च्या नेमणुकीनंतर वॉल्थमस्टोत पोटनिवडणूक लढवावी लागली. एका पदावरून दुसऱ्यावर बदली झाली तर ती लागत नसे, म्हणून १९१३ मध्ये त्रास झाला नाही. ही अट १९१९ मध्ये सैल झाली आणि १९२६ मध्ये पूर्ण गेली.

विधी अधिकारी (ॲटर्नी आणि सॉलिसिटर जनरल) नेमताना पक्ष आधी 'याची जागा पक्की आहे का' हे बघत, ते यामुळेच. कितीही हुशार बॅरिस्टर असला तरी मतदारसंघ डळमळीत असेल तर अडचण.

पाटीपेन्सिल

चिरोल खटल्याबद्दल सविस्तर लिहा ना कोणी. 'भारतीय असंतोषाचे जनक' म्हटलं म्हणून टिळकांनी दावा लावला होता ना?

उपरणे

@पाटीपेन्सिल, नाही. हा गैरसमज फार पसरला आहे. ते वर्णन चिरोलचंच, पण दावा त्यावर नव्हता. दाव्यात सहा आरोप होते : गोरक्षण संस्थांमागचा हेतू, आखाडे-तालमींमागचा हेतू, धाकदपटशाने पैसे उकळणं, ताईमहाराज या विधवेच्या दत्तकाच्या प्रकरणातलं वर्तन, रँडचा खून आणि नाशिकचा जॅक्सनचा खून. शेवटचे दोन सगळ्यात गंभीर. टिळकांच्या लिखाणाचा आणि चळवळीचा त्या खुनांशी संबंध जोडला होता.

सुनावणी २९ जानेवारी ते २१ फेब्रुवारी १९१९, न्यायमूर्ती डार्लिंग आणि विशेष ज्यूरी. टिळकांतर्फे सायमन, चिरोलतर्फे सर एडवर्ड कार्सन. सायमन १९१५ पर्यंत ॲटर्नी जनरल होता आणि त्याच्या मागोमाग त्या खुर्चीत बसला तो कार्सनच. म्हणजे इंग्लंडचे दोन माजी ॲटर्नी जनरल समोरासमोर. टिळकांनी वकील निवडण्यात जराही कसूर केली नव्हती.

तरी टिळक का हरले, ते कायद्याच्या अंगाने बघा. बदनामीच्या दाव्यात 'जे लिहिलं ते खरं आहे' हे सिद्ध करायचा भार प्रतिवादीवर असतो. कागदावर टिळकांची बाजू भक्कम दिसते. ताईमहाराज प्रकरणातली शिक्षा १९०४ मध्ये मुंबई हायकोर्टानेच रद्द केली होती आणि दत्तकाचा मूळ वाद १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधलं अंतिम अपील न्यायालय) टिळकांच्या बाजूने दिला होता. तेवढ्या एका मुद्द्यावर सायमनच्या हातात वरच्या कोर्टांचे निकाल होते.

पण फिर्यादीला पिंजऱ्यात यावंच लागतं. तिथे कार्सनने खुनांचा थेट पुरावा मांडायचा प्रयत्नच केला नाही. त्याने 'केसरी'तले लेख एकामागून एक वाचून दाखवले आणि प्रत्येकावर खुलासा मागितला. शिवाय १८९७ आणि १९०८ च्या राजद्रोहाच्या शिक्षा होत्याच. नुकतंच महायुद्ध संपलेलं, ज्यूरी लंडनची. 'राजद्रोहासाठी दोनदा तुरुंगात गेलेल्या माणसाची अब्रू या पुस्तकाने आणखी किती गेली?' हा प्रश्न ज्यूरीपुढे ठेवला की निम्मं काम झालं. न्यायाधीशाचा समारोपही चिरोलच्या बाजूने झुकलेला. निकाल विरोधात गेला.

चौकस भटक्या

आणि खर्चाचं काय? इंग्लंडमध्ये हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचाही खर्च द्यायचा असतो ना?

उपरणे

हो. स्वतःचे ज्येष्ठ-कनिष्ठ वकील, सॉलिसिटर, लंडनचा मुक्काम, आणि वर चिरोलचा खर्च. कलम_तीन यांनी सांगितलेला दोन तृतीयांशाचा रिवाज इथे दोन्हीकडून लागू होतो. हा बोजा उतरवायला महाराष्ट्रात लोकांनी वर्गणी काढली. बदनामीचा दावा परदेशात लावणं किती महाग पडतं याचं इतकं ठळक उदाहरण आपल्या इतिहासात दुसरं नाही.

टेम्सकाठचा मावळा

सायमनने टिळकांचं वकीलपत्र घेतलं म्हणजे त्याला टिळकांबद्दल सहानुभूती होती, असं कोणी समजू नये. इंग्लिश बारचा नियम असा की आपल्या विषयातलं ब्रीफ योग्य फीसह आलं आणि वेळ मोकळा असेल, तर अशील पसंत नाही म्हणून नाकारायचं नाही. १९१८ च्या निवडणुकीत तो वॉल्थमस्टोत हरला होता, खासदार नव्हता, पूर्ण वेळ वकिलीत होता. त्यामुळे उपलब्ध होता, इतकंच.

मूळ प्रश्नाबद्दल मात्र माझी असहमती आहे. 'बाजू ठरवता येत नाही' असं म्हणताना जानेवारी १९१६ कसं विसरता? सक्तीच्या सैन्यभरतीचं विधेयक आलं तेव्हा मंत्रिमंडळातून राजीनामा देणारा एकटा गृहमंत्री सायमन होता. १८ ते ४१ वयाच्या अविवाहित पुरुषांना भरती सक्तीची करणारा तो कायदा. युद्धाच्या ऐन भरात असा राजीनामा म्हणजे राजकीय आत्महत्याच. त्याआधी १९१५ मध्ये त्याने लॉर्ड चॅन्सेलरपद नाकारलं होतं, कारण ते घेतलं की लॉर्ड्समध्ये जावं लागे आणि कॉमन्सचं (कनिष्ठ सभागृहाचं) राजकारण संपे. आणि राजीनाम्यानंतर घरी न बसता तो रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल होऊन फ्रान्सला गेला. यात मला तरी कणा दिसतो.

दप्तरदार

मान्य, पण ऑगस्ट १९१४ बघा. युद्धाला विरोध म्हणून मोर्ले, बर्न्स, बोशँप आणि सायमन असे चौघे राजीनाम्याच्या तयारीत होते. मोर्ले आणि बर्न्स गेले. सायमन आणि बोशँप परत फिरले. १९१६ चा राजीनामा आला तेव्हा त्याचं वजन या आधीच्या माघारीने कमी झालं होतं.

मुळा_मुठा

दप्तरदार, परत फिरणं हाही निर्णयच असतो. जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरलं आणि परिस्थिती बदलली. त्यासाठी त्याला बोल लावणं मला पटत नाही.

कलम_तीन

ब्रिटनमधला १९२६ चा सार्वत्रिक संप, म्हणजे खाणकामगारांच्या पाठिंब्यासाठी इतर कामगारांनी केलेला, इथे यायलाच हवा. वकील आणि राजकारणी यांची सरमिसळ तिथे सगळ्यात स्पष्ट दिसते.

संप ४ मेला सुरू झाला. ६ मेच्या रात्री सायमन कॉमन्समध्ये उठला. तेव्हा तो मंत्री नव्हता, साधा लिबरल खासदार. त्याने मांडलं ते असं : कामगार तंट्यांचा १९०६ चा कायदा संपाच्या पुढाऱ्यांना करारभंगाला चिथावल्याच्या दाव्यापासून वाचवतो, पण कृती 'औद्योगिक तंट्या'साठी असेल तरच. खाणमालक आणि खाणकामगार यांच्यात असा तंटा आहे. रेल्वे, छापखाने, वाहतूक यांच्या कामगारांचा आपल्या मालकांशी तंटाच नाही, ते सरकारवर दबाव आणताहेत. म्हणून संरक्षण नाही, आणि संप पुकारणारा प्रत्येक पुढारी आपल्या शेवटच्या दमडीपर्यंत नुकसानभरपाईला जबाबदार.

११ मेला न्यायमूर्ती ॲस्टबरी यांनी नाविकांच्या संघटनेच्या दाव्यात याच अर्थाचा निर्णय दिला, १२ मेला संप मागे घेतला गेला. त्यामुळे सायमनच्या भाषणाने संप मोडला अशी आख्यायिका तयार झाली.

कायदा म्हणून हे मत कितपत टिकतं? मजूर पक्षाचे हेन्री स्लेसर, स्वतः माजी सॉलिसिटर जनरल, यांनी १० मेला सभागृहात त्याला उत्तर दिलं, आणि नंतर गुडहार्टसारख्या अभ्यासकाने सविस्तर खंडन केलं. अडचण अशी की १९०६ च्या कायद्यातली तंट्याची व्याख्या रुंद आहे, आणि दुसऱ्या कामगारांच्या तंट्याला पाठिंबा म्हणून केलेली कृती तिच्यात बसू शकते. सायमनने दोन बाजू असलेला प्रश्न एकच बाजू असल्यासारखा मांडला. कोर्टात हे चालतं, कारण समोर दुसरा वकील असतो. सभागृहात त्या रात्री ते लोकांना निकालासारखं ऐकू आलं.

सागवान

+१. शेवटचा परिच्छेद धाग्याचा गाभा आहे.

उपरणे

आता सायमन कमिशन. भारताच्या कारभाराच्या १९१९ च्या कायद्यातच तरतूद होती की दहा वर्षांनी वैधानिक आयोग नेमायचा. भारतमंत्री बर्कनहेडने तो १९२७ मध्येच नेमला, कारण पुढच्या निवडणुकीत मजूर पक्ष आला तर आयोग त्यांच्या पसंतीचा होईल ही भीती. बर्कनहेड म्हणजे एफ. ई. स्मिथ, सायमनचा वॉडममधला सोबती. १९०८ मध्ये रेशमी झगाही दोघांना बरोबरच मिळाला. तोही वकीलच, तोही माजी ॲटर्नी जनरल.

सातही सदस्य ब्रिटिश संसदेचे. समर्थन असं की आयोग संसदेला अहवाल देणार, म्हणून सदस्य संसदेचेच हवेत. पण कायद्यात अशी अट नव्हती. तो बर्कनहेडचा आणि व्हाइसरॉय आयर्विनचा निर्णय होता. सायमनने आपली प्रचंड चाललेली वकिली सोडून अध्यक्षपद घेतलं, आणि या चौकटीला हात लावला नाही. मुंबईत उतरल्यावर त्याने तोडगा काढला : भारतीय विधिमंडळांच्या समित्या आयोगाबरोबर 'संयुक्त मुक्त परिषद' म्हणून बसतील, साक्षी एकत्र घेतील. अहवाल मात्र वेगळे. १८ फेब्रुवारी १९२८ ला लाला लजपतराय यांचा अविश्वासाचा ठराव मध्यवर्ती विधानसभेत ६८ विरुद्ध ६२ मतांनी मंजूर झाला.

कार्यपद्धतीत फट दिसली की ती बुजवायची हे वकिलाचं काम. पण इथे तक्रार कार्यपद्धतीची नव्हतीच. आपल्या देशाचं भवितव्य ठरवताना आपल्याला खुर्ची नाही, हा अपमान होता, आणि बसण्याची व्यवस्था बदलून तो भरून निघणार नव्हता.

चौकस भटक्या

'सायमन गो बॅक' ही घोषणा युसुफ मेहेरअलींची, मुंबईची. कोणीतरी हे लिहायलाच हवं होतं :)

निळी पहाट

पूर्ण सहमत नाही, उपरणे. बहिष्कार सगळ्यांचा नव्हता, आणि ज्यांनी साक्ष दिली त्यांची कारणं भक्कम होती. बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे मे १९२८ मध्ये बाबासाहेबांनी निवेदन दिलं. मुंबई कायदेमंडळात १४० पैकी २२ जागा, प्रौढ मतदान, शिक्षण-पोलीस-सैन्य यांत प्रवेशाची हमी. २३ ऑक्टोबर १९२८ ला पुण्यात डॉ. सोळंकींसोबत आयोगापुढे साक्ष झाली. अस्पृश्य नेमके कोण, संख्या किती, हिंदूंपासून वेगळे का मोजायचे, असे प्रश्न आले. उत्तर स्पष्ट होतं : आम्हाला स्वतंत्र अल्पसंख्य समाज म्हणून धरा. प्रौढ मतदान दिलंत तर संयुक्त मतदारसंघात राखीव जागा चालतील, नाही दिलंत तर स्वतंत्र मतदारसंघ हवेत.

आयोगाबरोबर बसलेल्या मुंबईच्या प्रांतिक समितीत बाबासाहेब सदस्य होते, पण समितीच्या अहवालावर सही न करता त्यांनी १७ मे १९२९ ला स्वतंत्र अहवाल दिला. त्यात सिंध आणि कर्नाटक मुंबई प्रांतातून वेगळे करायला विरोध आहे, आणि मुसलमानांच्या स्वतंत्र मतदारसंघांनाही. आयोगाला सहकार्य म्हणजे सरकारची री ओढणं, असं समजणाऱ्यांनी तो अहवाल मुळातून वाचावा.

आणि सायमनने काय दिलं? १९३० च्या अहवालात संयुक्त मतदारसंघात राखीव जागा सुचवल्या, पण लोकसंख्येच्या प्रमाणाच्या तीन चतुर्थांश. वर अट अशी की उमेदवार लायक असल्याचं प्रमाणपत्र गव्हर्नर देईल! आमचा प्रतिनिधी कोण होऊ शकतो हे गव्हर्नर ठरवणार. बाबासाहेबांनी यावर टीका केली ती रास्तच होती. साक्ष मन लावून ऐकली गेली, पण निष्कर्षात तिचा जीव काढून घेतला.

उपरणे

निळी पहाट, मुद्दा मान्य. माझं वाक्य सरसकट झालं होतं. गव्हर्नरच्या प्रमाणपत्राची अट अनेक लेखांत गाळली जाते, ती नोंदवल्याबद्दल आभार.

पाटीपेन्सिल

आयोगात ॲटलीही होते ना? ४७ चे पंतप्रधान?

टेम्सकाठचा मावळा

होय, मजूर पक्षातर्फे. तेही इनर टेंपलचे बॅरिस्टर, पण वकिली त्यांनी लवकर सोडली.

अहवालाचं दुर्दैव वेळेचंही. पहिला खंड, म्हणजे परिस्थितीची पाहणी, जून १९३० मध्ये आला, दुसरा खंड शिफारशींचा, त्यानंतर दोन आठवड्यांनी. प्रांतांतली द्विदल पद्धत (काही खाती भारतीय मंत्र्यांकडे, काही गव्हर्नरकडे) रद्द करा, जबाबदार प्रांतिक सरकारं द्या, पुढे संघराज्य. यातलं बरंच १९३५ च्या कायद्यात उतरलं. पण ऑक्टोबर १९२९ मध्येच आयर्विनने वसाहतीच्या स्वराज्याचं ध्येय जाहीर केलं होतं, आणि अहवालात तो शब्दच नाही. दांडीयात्रा होऊन गेली होती. पुढे गोलमेज परिषदेच्या ब्रिटिश शिष्टमंडळात सायमनला घेतलंही नाही.

नदीकाठ

परराष्ट्र खात्यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. नोव्हेंबर १९३१ मध्ये तो परराष्ट्रमंत्री झाला तेव्हा जपान मांचुरियात घुसून दीड महिना झाला होता. राष्ट्रसंघाने लिटन आयोग नेमला (हे लिटन बंगालचे माजी गव्हर्नर). अहवाल १९३२ च्या ऑक्टोबरात आला. ७ डिसेंबरला जिनिव्हात सायमनने भाषण केलं : अहवालात चीनवरही टीका आहे, चीनमधलं परकीयद्वेषाचं वातावरण, जपानचे विशेष हितसंबंध वगैरे. वाक्य न् वाक्य अहवालाला धरून. ऐकणाऱ्या छोट्या राष्ट्रांना मात्र तो जपानचा वकील वाटला.

इथे धागाकर्त्याच्या मताला सगळ्यात भक्कम आधार मिळतो. न्यायाधीशासमोर 'दोन्ही बाजूंनी चुका आहेत' म्हणणं वाजवी असतं. आक्रमण झालेल्या देशाला ते ऐकताना सोडून दिल्यासारखं वाटतं.

पण न्यायाने बोलायचं तर त्याच्या हातात होतंच काय? अतिपूर्वेत पुरेसं आरमार नाही, सिंगापूरचा तळ अपुरा, तिजोरी मंदीने रिकामी. 'पुढची दहा वर्षं मोठं युद्ध नाही' हे गृहीतक धरून संरक्षणखर्च ठरायचा, ते १९३२ मध्ये सोडलं. जपानवर निर्बंध लादायचे तर अमेरिकेची साथ हवी, तीही नाही. दुसरा कोणी मंत्री कृती वेगळी करू शकला असता असं मला वाटत नाही, फक्त भाषण वेगळं झालं असतं. पण परराष्ट्र खात्यात भाषण हीच अर्धी कृती असते.

मुळा_मुठा

+१. आणि गृहखात्यातली दुसरी खेप (१९३५-३७) बघा, तिथे हाच माणूस चमकतो. ऑक्टोबर १९३६ मध्ये लंडनच्या केबल स्ट्रीटवर मोस्लेच्या फॅसिस्ट मोर्चावरून दंगल झाली. वर्ष संपायच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचा कायदा तयार. राजकीय गणवेशांवर बंदी, खासगी सैन्यासारख्या संघटनांवर बंदी. मोर्चाबंदी हवी तर पोलीसप्रमुखाने स्थानिक कौन्सिलकडे अर्ज करायचा, गृहमंत्र्याची संमती लागणार, आणि बंदी तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही. सभास्वातंत्र्य न गुदमरवता निमलष्करी धिंगाणा थांबवायचा, हे मसुद्याचं काम होतं. वकील मंत्री इथे उपयोगी पडतो.

सागवान

अर्थमंत्री म्हणून?

नदीकाठ

मध्यम. १९३७ मध्ये चेंबरलेनने मागे ठेवलेला नफावाढीवरचा किचकट कर रद्द करून त्याने कंपन्यांच्या नफ्यावर सरळ ५ टक्के कर लावला. व्यापारी शांत, वसुली सोपी. सप्टेंबर १९३९ च्या युद्ध-अंदाजपत्रकात आयकराचा दर पौंडाला साडेपाच शिलिंगवरून सात, आणि पुढच्या वर्षासाठी साडेसात. शिवाय जादा नफ्यावर ६० टक्के कर. एप्रिल १९४० मध्ये खरेदीकराची घोषणा. अर्थतज्ज्ञ केन्सच्या मते हे सगळं युद्धाच्या मानाने फारच थोडं होतं, आणि मला केन्सचं बरोबर वाटतं.

कलम_तीन

मूळ प्रश्नाकडे परत येतो. मे १९४० मध्ये चर्चिलने त्याला लॉर्ड चॅन्सेलर केलं, पण युद्धमंत्रिमंडळात घेतलं नाही. १९४५ पर्यंतची ही पाच वर्षं भारतातल्या वकिलांच्या रोजच्या कामात अजून आहेत. अशक्य झालेल्या करारातले आगाऊ पैसे परत मिळतात, हा 'फिब्रोसा'चा निर्णय त्याचा. १९४२ च्या विशेष फौजदारी न्यायालयांचा व्हाइसरॉयचा वटहुकूम प्रिव्ही कौन्सिलने बनवारीलाल शर्मा प्रकरणात वैध ठरवला, तो निकालही त्याने लिहिला.

पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचा निकाल 'डंकन विरुद्ध कॅमल लेअर्ड', १९४२. 'थेटिस' ही पाणबुडी जून १९३९ मध्ये लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणी घेताना बुडाली, ९९ माणसं गेली. विधवांनी बांधणाऱ्या कंपनीवर दावा लावला आणि आराखडे मागितले. नौदलाने नकार दिला. सायमनने निर्णय दिला की कागद उघड करणं लोकहिताला घातक आहे असं मंत्र्याने योग्य रीतीने सांगितलं, की कोर्टाने ते अंतिम मानायचं, कागद स्वतः तपासायचे नाहीत.

प्रत्यक्ष आराखड्यांपुरता निकाल समजण्यासारखा आहे, युद्ध चालू होतं. पण त्याने नियम सगळ्याच सरकारी कागदांना लागू होईल इतका रुंद केला, आणि जाता जाता स्कॉटलंडचा कायदाही हाच आहे असं लिहिलं, जे चूक होतं आणि १९५६ मध्ये दुरुस्त झालं. खुद्द इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने १९६८ मध्ये ही वाट सोडली.

म्हणून दप्तरदार, तुमच्या मताला माझी दुरुस्ती अशी : मंत्रिपदावर असताना तो वकिलासारखा वागला हे खरं, पण न्यायासनावर बसल्यावर तो मंत्र्यासारखा वागला हेही तितकंच खरं.

दप्तरदार

ही दुरुस्ती स्वीकारतो. 'डंकन'चा भारतात कुठे परिणाम झाला?

कलम_तीन

जुन्या साक्षीपुरावा कायद्याचं कलम १२३ : अप्रकाशित सरकारी कागद खातेप्रमुखाच्या परवानगीशिवाय पुराव्यात येत नाहीत. (१ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १२९ आहे.) १९६० च्या सोढी सुखदेव सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने खातेप्रमुखाच्या दाव्याला बराच मान दिला. १९८१ मध्ये एस. पी. गुप्ता प्रकरणात न्यायालयाने न्यायाधीशांच्या नेमणुकीबाबतचा पत्रव्यवहार स्वतः मागवून पाहिला आणि उघड करायला लावला. सरकारी वकिलाने आज कलम १२९ खाली आक्षेप घेतला तर उलट बाजूने आधी खातेप्रमुखाचं प्रतिज्ञापत्र मागावं, त्यात प्रत्येक कागदाचं वेगळं कारण दिलंय का ते बघावं, आणि न्यायालयाने कागद बंद दालनात तपासावेत असा अर्ज द्यावा. मोघम प्रतिज्ञापत्र असेल तर आक्षेप तिथेच ढिला पडतो.